वाट विचारता : माचू पिचूला पायी जायचं म्हणजे

मागच्या अंकात पेरू देशातल्या इंका ट्रेलवर दोन पानं लिहिली आणि प्रश्नांची रीघ लागली. शाळेत सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे तपासायची सवय होती म्हणून बरं. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात, इंका लोकांनी पंधराव्या शतकात वसवलेलं माचू पिचू हे दगडी नगर आहे. तिथं रेल्वेनं जाता येतं आणि इंकांनीच बांधलेल्या वाटेनं चार दिवस चालतही जाता येतं. ही वाट सुमारे ४२ किलोमीटरची. मी ती चालून आले आहे, म्हणून संपादकांनी सगळी पत्रं माझ्याकडेच पाठवली.

मी बँकेतून निवृत्त झालो, वय ६१. रोज पाच किलोमीटर चालतो. साखर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. सौ. ५७ च्या. पोरगा म्हणतो, बाबा, टीव्हीवर बघा. बाई, आम्हाला जमेल का? सरावाला खरोशाची टेकडी पुरेल का? (एक वाचक, लातूर)

पोराचं फार मनावर घेऊ नका, पण गुडघ्याचं घ्या. वयानं मला काही वाटलं नाही, तुमच्याहून मोठी माणसं वाटेत भेटतात. उतरताना कुरकुरणारा गुडघा मात्र इथंच, निघायच्या आधी दुरुस्त करायचा.

वाट कशी आहे ते आधी सांगते. रेल्वेमार्गावरच्या ८२ व्या किलोमीटरपासून चालायला सुरुवात होते. पहिला दिवस नदीकाठानं, तुमच्या रोजच्या फिरण्याचा मोठा भाऊ. दुसऱ्या दिवशी साधारण १,२०० मीटर चढून ४,२१५ मीटरवरच्या खिंडीत जायचं. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोनशे मीटरच्या आसपास आहे. असे सहा देवगिरी एकावर एक ठेवा, आणि तेही चाळीस टक्के हवा काढून घेतल्यावर. खिंड ओलांडली की लगेच सहाशे मीटर उतार, सगळा दगडी पायऱ्यांचा. तिसरा दिवस सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत देखणा, पण त्याच्या शेवटीही सुमारे हजार मीटर उतरायचं असतं. पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर तर पुढची गुडघाभर, वर पावसानं गुळगुळीत. लोक दुसऱ्या दिवसाच्या चढाला घाबरतात, पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूत सगळे मलम चोळत बसलेले असतात ते उतारामुळे.

तेव्हा खरोसा लेण्यांची टेकडी चांगली आहे, पण तेवढ्यानं भागायचं नाही. पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन एखाद्या पाच-सहा मजली इमारतीचा जिना चढा-उतरा. उतरण्यावर जोर द्या आणि हळू उतरा. महिन्यातून एकदा देवगिरी किंवा माहूरगड पायथ्यापासून करा. दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालायची सवय आत्तापासून लावून घ्या. काठ्यांच्या टोकाला रबरी बूच हवं, उघडं लोखंडी टोक त्या वाटेवर चालत नाही, कारण दगड झिजतात. हाडांच्या डॉक्टरांना एकदा गुडघा दाखवा आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम विचारून घ्या.

पाय इथं तयार होतील. दमाचं मात्र इथं काहीच करता येत नाही. लातूर सहाशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. आणि ज्या कुस्को शहरात तुम्ही विमानातून उतरणार ते ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. ४,२०० मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच प्राणवायू मिळतो. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे सांगता येत नाही. रोज तालमीत जाणारा पहिलवान आडवा होतो आणि त्याची मावशी चालत राहते.

म्हणून कुस्कोला उतरलात की तिथं मुक्काम करू नका. गाडी करून थेट ओयांतायतांबोला जा. ते गाव २,८०० मीटरच्या आसपास, खाली दरीत आहे. तिथं दोन-तीन रात्री झोपा, भरपूर पाणी प्या, दारूला शिवू नका, मग पायी निघा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सुरुवातीला अनेकांना होतं. पण डोकं वाढत्या प्रमाणात ठणकतंय, चालताना तोल जातोय, बसल्या जागी धाप लागतेय, असं झालं तर हट्ट न करता खाली उतरायचं, त्याच्याइतका दुसरा खात्रीचा उपाय नाही. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी बरेच जण घेतात. ती लघवी वाढवते, आणि सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना जपून द्यावी लागते. तुमची बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका, डॉक्टरांकडेच जा.

सौ.ना आणि तुम्हाला एकाच चालीनं चालायची गरज नाही. गटात सगळे आपापल्या गतीनं चालतात, वाटाड्या शेवटच्या माणसासोबत थांबतो. माझं मत विचाराल तर सहा महिने सराव करा, आणि गुडघा बोलायचा थांबला तर तिकीट काढा.

आम्ही सहा मित्र दरवर्षी हरिश्चंद्रगड, रतनगड करतो. तंबू, स्टोव्ह, सगळं आमचं आहे. फेब्रुवारीत स्वतःच्या जिवावर हा ट्रेक करता येईल का? (एक वाचक, हिंगोली)

नाही रे बाबांनो. एक तर फेब्रुवारीत ही वाट पूर्ण बंद असते. तिकडे तो पावसाचा महिना, आणि त्याच महिन्यात डागडुजी होते. दुसरं, इथं एकट्यानं जाताच येत नाही. परवानाधारक कंपनीमार्फतच जावं लागतं. दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, आणि त्यात वाटाडे, आचारी, हमाल सगळे धरलेले असतात. म्हणजे आपल्यासारख्यांना सुमारे २०० जागा. परवाना पासपोर्टच्या नंबरावर निघतो, ऐनवेळी एका मित्राच्या जागी दुसरा चालत नाही. मे ते ऑगस्ट कोरडा हंगाम, त्याच्या जागा कित्येक महिने आधीच संपतात.

घोडे-खेचरं या वाटेवर नेता येत नाहीत, त्यामुळे तंबू, भांडी, गॅसची टाकी, सगळं माणसांच्या पाठीवर. आपल्या बीड-परळीकडची माणसं जशी शेताचं आवरून कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, तसे हे डोंगरातले क्वेचुआ शेतकरी हंगामात ओझी वाहायला येतात. आमच्या पुढं एक आजोबा टायरच्या वहाणा घालून, पाठीला निळ्या ताडपत्रीचं गाठोडं बांधून, त्या ओल्या पायऱ्यांवरून पळत उतरत होते. पळत. आम्ही कडेला दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला सरकून त्यांना वाट दिली, आणि तोच तिथला नियम आहे. एका हमालाच्या पाठीवर २० किलोच्या वर ओझं द्यायचं नाही असा कायदा आहे, नाक्यावर वजन करतात. कंपनी निवडताना हमालांना पैसे किती देता, झोपायला काय देता, हे आधी विचारा. जी कंपनी हा प्रश्न टाळते ती स्वस्त का आहे ते तुमचं तुम्हाला कळेल.

स्वतःच्या तंबूची हौस असेल तर साल्कांताय किंवा चोकेकिराव या तिकडच्याच दुसऱ्या पायवाटा बघा. साल्कांतायची खिंड ४,६०० मीटरच्या वर आहे. चोकेकिराव हे इंकांचंच दुसरं नगर, तिथं जायला रेल्वे नाही. आपुरिमाक नदीच्या दरीत सुमारे दीड हजार मीटर उतरायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं, आणि परतही तसंच. गर्दी कमी. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं करणाऱ्या पोरांना हे जास्त आवडेल.

आम्ही माळकरी. घरात कांदा-लसूण चालतो, पण मांस-मच्छी-अंडं नाही. उपाशी राहावं लागेल का? (एक वाचक, नांदेड)

बटाट्याच्या माहेरी चाललात आणि उपाशी कसे राहाल? बटाटा अँडीजमधला. आपली मिरची, टोमॅटो, मका, चटणीचा शेंगदाणा, हे सगळं त्याच अमेरिका खंडांतून आलेलं. बाजारात चिरिमोया नावाचं फळ मिळतं, ते सीताफळाचं चुलत भावंड. आतला गर खाल्ला तर धारूरची आठवण येईल, बिया मात्र कमी.

पण सावध राहा. तिकडे 'मांस नको' म्हटलं की कोंबडी वाढतात, कारण ती त्यांच्या हिशेबी मांसात धरत नाहीत. सुपाचं पाणीही कोंबडीचं असू शकतं. नोंदणी करतानाच लेखी कळवा, आणि ही तीन वाक्यं पाठ करा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो. मांस नको, कोंबडी नको, मासे नको. अंड्यासाठी सिन ह्वेवो. वाटेवरचे आचारी हुशार असतात, तंबूत भात, किनवा (तिकडचं राजगिऱ्यासारखं बारीक धान्य), बटाट्याचे पाच प्रकार करून घालतात. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट सीलबंद पाकिटात न्या आणि विमानतळावर जाहीर करा.

आम्ही तिघी मैत्रिणी, नवरे सोबत नाहीत. सुरक्षित आहे का? आणि ते बाथरूमचं कसं? (एक वाचक, धाराशिव)

वाटेवर सुरक्षित, सतत गट आणि वाटाड्या सोबत असतो. लिमा, कुस्कोच्या गर्दीत पर्स पोटाशी, जशी पंढरपूरला धरता तशी. मुक्कामाच्या जागी संडास असतात, बरेचसे उकिडवं बसायचे. त्यात आपण परदेशी बायकांच्या पुढं आहोत. पाळीचा कचरा पिशवीत बांधून परत आणायचा. रात्री पारा शून्याजवळ जातो, लोकरीचे पायमोजे जास्त घ्या. नवऱ्यांची परवानगी हा विषय माझ्या सदरात येत नाही.

मी बी.ए.ला इतिहास शिकतो. पुस्तकात आहे की माचू पिचूचा शोध हायरम बिंगहॅम या अमेरिकन अभ्यासकाने लावला. ते बरोबर आहे का? आणि चुन्याशिवाय बांधलेल्या त्या भिंती भूकंपात कशा टिकल्या? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. तू अजिंठ्याच्या जिल्ह्यातला, तुला हे पटकन कळेल. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं आला, अजिंठ्याच्या १० व्या लेण्यात गेला आणि खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. आजूबाजूच्या गावांना ती लेणी ठाऊकच होती.

पेरूत तसंच घडलं. बिंगहॅम २४ जुलै १९११ ला वर पोचला तेव्हा त्याला रस्ता दाखवला मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्यानं, एक सोल (पेरूचं नाणं) मजुरी घेऊन. वर जाऊन बघतो तर शेतकरी कुटुंबं इंकांच्याच पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत पिकं घेत होती. त्यांच्यातल्या एका लहान पोरानं त्याला अवशेष फिरवून दाखवले. भिंतीवर आगुस्तीन लिझारागा या स्थानिक माणसाचं नाव आणि १९०२ हे साल आधीच कोळशानं लिहिलेलं होतं. बिंगहॅमनं जगाला कळवलं, छायाचित्रं काढली, साफसफाई आणि उत्खनन केलं, हे त्याचं काम मोठंच. पण 'शोधलं' हे क्रियापद मी पेपर तपासताना लाल शाईनं गोल करते. शिवाय त्याला वाटलं हीच इंकांची शेवटची राजधानी विल्काबांबा. ती दूर, खाली जंगलात एस्पिरितू पांपाला होती. त्यानं येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू जवळजवळ शंभर वर्षांनी, २०११ आणि २०१२ मध्ये पेरूला परत मिळाल्या. कुस्कोतल्या कासा कोंचा संग्रहालयात त्या बघायला मिळतात. पाय दुखत असतील तरी तिथं जाऊन ये.

आता भिंती. बिनचुन्याचा दगड तुला नवा नाही. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ, भोकरदन तालुक्यातलं अन्व्याचं देऊळ बघ, दगडात दगड बसवलेला आहे. फरक हत्यारांचा. आपल्या पाथरवटाकडे लोखंडी छिन्नी होती आणि दगड बेसाल्ट. इंकांकडे लोखंड नव्हतं. त्यांनी ग्रॅनाइट कठीण दगडी गोट्यांनी ठोकून ठोकून आकाराला आणला. परग्रहावरून कोणी येऊन बांधून गेलं असले व्हिडिओ तुझ्याही मोबाइलवर येत असतील. ठोकल्याचे बारीक खड्डे दगडांवर अजून दिसतात, ते बघ आणि व्हिडिओ पुसून टाक.

सगळ्याच भिंती तशा नाहीत, हेही लिहून ठेव. देवळं आणि राजाची घरं घासूनपुसून बसवलेल्या दगडांची, साध्या माणसांची घरं ओबडधोबड दगड आणि मातीच्या गाऱ्याची. चांगल्या भिंती आत कललेल्या, खाली रुंद आणि वर अरुंद. दारं-कोनाडेही तसेच, तळाशी रुंद. धक्का बसला की दगड जागच्या जागी हलतात आणि पुन्हा बसतात. २१ मे १९५० ला कुस्कोत मोठा भूकंप झाला. इंकांचं सूर्यमंदिर पाडून त्याच्या जोत्यावर स्पॅनिश लोकांनी चर्च बांधलं होतं. चर्चचा बराच भाग कोसळला आणि आतून इंकांची भिंत उभी दिसली.

हे वाचताना मला किल्लारीच आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-धाराशिवकडे घरं पडली ती दगडाचीच होती. पण गोल गोटे, मधे माती, दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना बांधणारे लांब दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. जाडीला माणसं मजबुती समजत होती. तू इतिहासाचा, पण एकदा स्थापत्याच्या मित्राला सोबत घेऊन औंढ्याला जा आणि सांध्यांत नख घालून बघ.

भिंतीपेक्षा मला मात्र पाण्याचं काम मोठं वाटलं. तिथं वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नगर उभ्या उतारावर. शेतांच्या पायऱ्यांत वर माती, खाली वाळू-खडी, तळाला दगडाच्या कपच्या भरल्यात. पाणी मुरतं, वाहून जातं, भिंत फुगत नाही. झऱ्याचं पाणी दगडी पाटानं आणून एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून खेळवलं आहे. मी परभणीची, उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेली. त्या धारेखाली मी बराच वेळ हात धरून उभी होते, वाटाड्यानं हाक मारेपर्यंत.

रेल्वे जाते, पुढं बस जाते. मग चार दिवस पाय तोडत, थंडीत कुडकुडत जायचं कशाला? व्यापारी माणूस आहे, हिशेब विचारतो. (एक वाचक, जालना)

हिशेबानं रेल्वेच बरी. खुशाल जा, माचू पिचू तेवढंच दिसेल. त्यात कमीपणा काही नाही.

पण ही वाट त्या नगराच्या गेटपर्यंत पोचवणारी पायवाट एवढीच नाही. इंकांनी आजच्या सहा देशांत पसरलेलं ३०,००० किलोमीटरहून लांब रस्त्यांचं जाळं बांधलं, युनेस्कोनं २०१४ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटलं. आपण चालतो तो त्याचा एक तुकडा. त्यांच्याकडे चाकाची गाडी नव्हती, घोडा नव्हता, माणूस आणि लामा चालायचे. म्हणून आपल्या घाटासारखी वळणं घेत बसायची गरज नव्हती, चढ आला की सरळ पायऱ्या. तिसऱ्या दिवशी एक कातळ आडवा येतो, तर त्यांनी त्याच्या पोटातून भुयार काढून आत पायऱ्या कोरल्या आहेत. तुम्ही आत शिरता, दोन्ही हात गार ओल्या दगडाला लागतात, आणि पलीकडे निघता तेव्हा समोर नुसते ढग. सायाकमार्का, फुयुपातामार्का, विन्याय वायना ही ठिकाणं रेल्वेतून उतरून बसमध्ये बसणाऱ्यांना दिसत नाहीत. विन्याय वायनाची अर्धगोल शेतं मला तरी माचू पिचूहून सरस वाटली. हे मत वादाचं आहे, माहीत आहे.

तुमच्यासाठी मधला सौदा आहे. १०४ व्या किलोमीटरला रेल्वेतून उतरायचं, एका दिवसात विन्याय वायना बघत सूर्यद्वारातून माचू पिचूत शिरायचं. तंबू नाही, मोठी खिंड नाही. परवाना मात्र त्यालाही लागतो.

कागदपत्रांचं सांगा. (बऱ्याच जणांनी विचारलं)

भारतातून पेरूला थेट विमान नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर पेरूचा वेगळा लागत नाही. नसेल तर दिल्लीच्या दूतावासाकडे अर्ज. नियम बदलतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाकडून खात्री करा.

पीतज्वराच्या लशीचं कार्ड विसरू नका. पेरूहून भारतात परतताना ते मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. साठीच्या पुढच्यांना या लशीचा गंभीर त्रास होण्याचा धोका थोडा जास्त असतो, तेव्हा लातूरकरांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

कुस्कोत हॉटेलात शिरलात की कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथं तो राजरोस आहे. पण आठवण म्हणून ती पानं बॅगेत टाकू नका. आपल्याकडे कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

बाई, हे सगळं वाचायला छान. आमच्यासारख्या शिक्षणसेवकाला पेरू परवडत नाही. इथं जवळ काही आहे का, चार दिवस चालायचं आणि जुनं काही बघायचं? (एक वाचक, बीड)

आहे की. कन्नडला उतरा आणि सातमाळा धरा. गौताळा अभयारण्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे माचू पिचूहून दीड हजार वर्षांनी जुनी. पठारावरून दरीत पायऱ्या उतरायच्या, ओढा ओलांडायचा, आणि समोर जोत्यावर हत्तींची रांग. इथंच सापडलेला यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तो कान्हदास नावाच्या सोनारानं घडवला असं त्याच्यावरच कोरलेलं आहे. दुसऱ्या दिवशी अंतूर किल्ला. किल्ल्याच्या अलीकडे रानात एक चौकोनी दगडी खांब आहे, कोणती वाट कुठं जाते ते त्यावर फारसीत लिहिलेलं. इंकांच्या वाटेवरही मला अशी पाटी दिसली नाही. तिसऱ्या दिवशी जंजाळ्याचा किल्ला, त्याच्या पोटातली घटोत्कच लेणी आणि पलीकडे वेताळवाडी. मधलं अंतर एसटीनं किंवा वडापनं. चौथ्या दिवशी अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून पायवाटेनं खाली लेण्यांत.

पावसाळा ओसरल्यावर जा, माघापर्यंत चांगलं. अभयारण्यात रात्री राहायचं असेल तर वनखात्याची परवानगी काढा. पितळखोऱ्यात आग्या मोहोळं असतात, अत्तर लावून किंवा धूर करून जाऊ नका. पाणी सोबत न्या. आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, ते धरून निघायचा वार ठरवा.